खिडकीतला प्रॉम्प्टर

पडदा वर जातो. दिवाणखाना. मधोमध वेताची आरामखुर्ची. डावीकडे पुस्तकांचं कपाट, पण आत पुस्तकं नाहीत, पुठ्ठ्यावर रंगवलेल्या नुसत्या पाठी. उजवीकडे खिडकी, तिला जाळीचा पडदा आणि पडद्यामागे काळोख. आरामखुर्चीत पांढऱ्या मिशांचे निवृत्त न्यायमूर्ती बसलेत. ते तुम्हाला आवडतील. त्यांच्या पत्नीचं काम मी करत होते, तिच्याकडेही एखादी नजर टाकलीत तर माझी हरकत नाही. पण खरं बघायचं ते त्या काळोखाकडे. तिथे एक माणूस स्टुलावर बसलेला आहे. त्याच्या हातात काहीतरी उजळतंय, आणि ते प्रेक्षकांतल्या कुणालाही दिसत नाही.

साल १९९८, गाव अहमदनगर, आणि तो माणूस म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर गहिनीनाथ खोसे.

गहिनीनाथ मूळचे नेवाशाकडचे. मिसरूड फुटायच्या आधी नगरला आले आणि माळीवाड्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. शिशाची उलटी अक्षरं एकेक करून पट्टीत बसवायची, त्यातून सुलटी लग्नपत्रिका निघायची. आमच्या नाटकाची हँडबिलं द्यायला ते एकदा तालमीत आले आणि दारातच उभे राहिले. कुणीतरी वाक्याला अडखळलं, तर दारातून आवाज आला, पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द. संहिता त्यांनी पाहिलेली नव्हती. आधीच्या दोन तालमींना ते बाहेर चपला काढून ऐकत बसले होते, एवढंच. त्या दिवसापासून विंगेतली खुर्ची त्यांची झाली.

प्रॉम्प्टिंग म्हणजे मोठ्याने वाचणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी गहिनीनाथांना ऐकायला हवं होतं. ते आख्खं वाक्य कधीच देत नसत. लहान मुलाला रस्ता ओलांडताना बोट द्यावं तसा पहिला शब्द द्यायचे, कधी नुसता अर्धा, आणि पुढचं नटावर सोडायचे. नट थांबलाय की विसरलाय हे त्यांना कळायचं, आणि खरी विद्या ती. आमचे मुख्य नट श्रीमंत गुंड विसरले की उजव्या हातातली अंगठी फिरवायचे. अंगठी स्थिर असेपर्यंत गहिनीनाथ गप्प. अंगठी फिरली की शब्द हजर.

श्रीमंत एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकाच्या कर्ण्यावरून गाड्यांची नावं सांगताना त्यांचा आवाज असा काही लागायचा, की शेवगावची गाडी लागली हेसुद्धा लोक मान वर करून ऐकायचे. वय वाढलं, आवाज तसाच राहिला, पण पाठांतर विरत गेलं. दोन अंकांच्या नाटकात ते पंधरा-वीस वेळा अंगठी फिरवायचे आणि प्रेक्षकांना एकदाही कळायचं नाही. ते म्हणायचे, "गैनू विंगेत हाय म्हनून मी स्टेजवर हाय." गहिनीनाथांना ते गैनूच म्हणत. आम्ही कुणी मास्तर म्हणायचो, तरुण मंडळी काका. पूर्ण नाव फक्त हँडबिलावर, सगळ्यात शेवटी, बारीक टायपात. ते टाइप ते स्वतःच लावत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांचा घसा बसला आणि परत उठला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणाले, आणि काढल्यावर आवाज राहणार नाही. दिवाळीनंतरचा गुरुवार ठरला. तोवर बोलणं बंद, आणि कुजबुजणं तर मुळीच नको, त्याने घशावर जास्त ताण येतो. आयुष्यभर कुजबुजत आलेल्या माणसाला असं सांगितलं होतं. आणि त्यांनी ते मोडून पाहिलं तरी उपयोग नव्हता. शब्दाआधी ठसका यायचा, आणि एकदा आला की थांबायचा नाही. शांत प्रवेशात विंगेतून तसा ठसका म्हणजे प्रयोग संपला.

आमचा प्रयोग त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी, दुपारचा. गहिनीनाथ गळ्यात शाळकरी पाटी अडकवून तालमीला आले. तिच्यावर लिहिलेलं होतं: मी येणार.

दिग्दर्शक गोरक्षनाथ शाळेत शिक्षक होते, माणूस प्रेमळ, पण प्रयोगापुढे कुणाचं ऐकायचे नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. खुर्ची मी स्वतः ठेवतो. प्रॉम्प्टिंग दुसरं कुणीतरी करील."

गहिनीनाथांनी पाटी पुसली, पण काही लिहिलं नाही. ती तशीच कोरी धरून उभे राहिले.

दुसरं कुणीतरी म्हणून बँकेतले एक सद्गृहस्थ आले. वाचन स्पष्ट, उत्साह दांडगा. दुसऱ्या अंकात न्यायमूर्ती मुलाच्या फोटोकडे बघत बराच वेळ थांबतात. तिथे या गृहस्थांनी पुढचं वाक्य सणसणीत आवाजात दिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा श्रीमंत विंगेकडे वळले आणि म्हणाले, "अहो साहेब, मी इसरलो न्हाई. मी रडतोय."

मग पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत वाक्यं लिहून पाहिली. विंगेत अंधार, श्रीमंतांना काही दिसेना. बॅटरी मारली तर उजेड थेट पहिल्या रांगेपर्यंत पोचायचा. पुठ्ठ्यांचा ढीग एकदा घसरला आणि न्यायमूर्तींनी पहिल्या अंकात दुसऱ्या अंकातला जावई घराबाहेर काढला. श्रीमंत आरामखुर्चीत बसले. "गैनू नसंल तर मला जमायचं न्हाई," म्हणाले. गोरक्षनाथांनी सांगितलं, या शनिवारपर्यंत काही सुचलं तर ठीक, नाहीतर मी भूमिका बदलतो आणि प्रॉम्प्टरही.

आता प्रवेश प्रज्ञाचा. प्रज्ञा साळवे राहुरीची, इंजिनीयर, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायची आणि आमच्याकडे पार्श्वसंगीताच्या टेपा लावायची. त्या संध्याकाळी ती कामावरून थेट आली होती. नेमकी वीज गेली. ती एका कोपऱ्यात बसली आणि पिशवीतून एक वस्तू काढून उघडली, तसा तिचा चेहरा उजळला. जेवणाच्या चपट्या डब्याएवढा संगणक होता तो, तळहातावर मावणारा. कारखान्याच्या परदेशी यंत्रांना जोडून त्यांची तब्येत बघायला दिलेला. त्या काळी नगरमध्ये असली चीज आम्ही कुणी पाहिली नव्हती. सगळे भोवती जमलो. गहिनीनाथ मात्र संगणकाकडे बघतच नव्हते, तिच्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडाकडे बघत होते. त्यांनी पाटीवर लिहिलं: यात अक्षर किती मोठं करता येतं?

"काका, इंग्रजी कितीही मोठं करता येईल. मराठी नाही यात," प्रज्ञा म्हणाली. "आणि मला टाकताही येणार नाही. घरी न्यायला साहेबांची परवानगी आहे, तुमच्या नाटकासाठी विचारलं तर तेही हो म्हणतील. पण आतलं काही हलता कामा नये. कारखान्याचं सगळं यातच आहे."

पाटी: आत नको. बाहेरून.

"बाहेरून म्हणजे?"

गहिनीनाथांनी पाटीवर एक डबा काढला, त्याला एक दोरी काढली, दोरीच्या टोकाला दुसरा छोटा डबा. प्रज्ञा हसली आणि पिशवीत हात घालून तोच दुसरा डबा तिने बाहेर काढला. फ्लॉपी चालवायचा, वायरीने जोडायचा ड्राइव्ह.

हे त्यांना कसं सुचलं, तर छापखान्यामुळे. ऑफसेट छपाई आणि संगणक आले तेव्हा खिळ्यांच्या पेट्या मोडीत गेल्या आणि जोडीदार घरी गेले. गहिनीनाथ पन्नाशीला टेकलेले असूनही संगणकापुढे बसले. त्यांचा पहिला संगणक पोटाने रिकामा होता. सकाळी आल्यावर त्याला एक फ्लॉपी भरवायची, तेव्हा त्याला आपण कोण आहोत ते कळायचं. मग मराठी अक्षरांची दुसरी. मग काम. संध्याकाळी बंद केला की सगळं विसरला. त्यामुळे त्यांना पक्कं ठाऊक होतं, की संगणक जागा होताना आधी बाहेर बघतो. दाराशी कुणी सांगणारा उभा असेल तर त्याचं ऐकतो. कुणी नसेल तेव्हाच स्वतःच्या पोटातलं आठवतो. प्रज्ञाच्या त्या चिमुकल्या यंत्रालाही ते लागू होतं. बाहेरच्या फ्लॉपीवर आपली जुनी सिस्टिम, आपली मराठी अक्षरं, आपलं नाटक. आतली सिस्टिम झोपलेलीच राहील.

आम्हा बाकीच्यांचे चेहरे कोरे बघून त्यांनी पाटीवर लिहिलं: दौरा.

तेव्हा मला लख्ख कळलं. श्रीरामपूरला, राहुरीला, दुसऱ्यांच्या नाट्यगृहांत आम्ही दौऱ्यावर जायचो, तेव्हा आमच्या मंडळाचा एक रिवाज होता. त्यांच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आपलं नेपथ्य टेम्पोतून उतरवायचं, आपल्या पायावर उभं करायचं, प्रयोग करायचा, परत टेम्पोत भरायचं, आणि निघण्याआधी रंगमंच झाडून द्यायचा. केरसुणी घेऊन शेवटी मागे राहणारा माणूस नेहमी गहिनीनाथच असायचा.

पुढचे काही दिवस प्रज्ञा सुप्याहून परस्पर छापखान्यात जायची. आधी अक्षरांच्या जागी चौकोन आणि टिंबं आली. मग अक्षरं आली, पण वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. गहिनीनाथ आपल्या परीने नाटक टाइप करत होते, तेही पाठ्यपुस्तकासारखं नाही. श्रीमंतांचा श्वास जिथे तुटतो तिथे वाक्य तोडून, प्रत्येक पानावर फक्त पहिले एक-दोन शब्द. अक्षरं काळ्यावर पिवळी, हातभर दूर दिसतील त्याहून पाचपट मोठी. काळी पार्श्वभूमी असल्यामुळे उजेड बाहेर सांडत नव्हता. खिडकीमागे स्टुलावर बसून त्यांनी ते हातात धरायचं, अंगठ्याने पान उलटायचं, आणि श्रीमंतांनी अडलं की खिडकीबाहेर बघायचं.

शनिवारच्या तालमीला एकच खोट निघाली. प्रत्येक प्रवेश उघडताना ड्राइव्ह ज्वारी दळल्यासारखा घरघरायचा. गोरक्षनाथांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "न्यायमूर्तींनी मागच्या अंगणात गिरणी टाकलीय का?" प्रज्ञाने जागच्या जागी बसून तोड काढली. सुरुवातीलाच आख्खं नाटक फ्लॉपीवरून यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत उचलून घ्यायचं आणि ड्राइव्ह काढून ठेवायचा. अट एकच. यंत्र बंद करायचं नाही. बंद झालं की आपलं सगळं पुसलं जाईल.

"चालेल," गोरक्षनाथ म्हणाले. गहिनीनाथांच्या गळ्यातली पाटी त्यांनी स्वतः सरळ केली.

रविवार. प्रयोगाआधी आमच्याकडे नटराजाची पूजा व्हायची, आणि प्रयोगाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागायचं. हातोडी, इस्त्री, रंगाची पेटी, टेपरेकॉर्डर, काही सुटायचं नाही. हे काम आक्काबाईंचं. आक्काबाई कपडेपट सांभाळायच्या आणि देवाधर्माच्या बाबतीत कुणाला दाद द्यायच्या नाहीत. नवा पाहुणा आलाय म्हटल्यावर त्याचा मान मोठा. त्यांनी यंत्राच्या झाकणावर बोट टेकवलं, आणि ड्राइव्हला, तो उंबरठाच आहे अशा भक्तिभावाने, फटीवर ओलं कुंकू लावून वर चिमूटभर अक्षता वाहिल्या.

पहिली घंटा झाली. गहिनीनाथांनी फ्लॉपी घातली, यंत्र सुरू केलं. ड्राइव्ह कण्हला, गप्प झाला, आणि यंत्रातून एक गोड परदेशी सूर निघाला. पडदा पांढराफटक. कारखान्याचं नाव, खाली इंग्रजी चौकटी. बाहेरून कुणी काही सांगेना म्हटल्यावर ते बिचारं स्वतःचं आठवून मोकळं झालं होतं.

पुन्हा केलं. पुन्हा तोच गोड सूर.

प्रज्ञाने ड्राइव्ह कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. तिने फटीला लागलेलं कुंकू पाहिलं, मग आक्काबाईंकडे.

"आक्का, यात काय घातलंत?"

"घातलं न्हाई काई. अक्षता वाह्यल्या. तोंड उघडं ठिवून बसलं हुतं, मला काय ठाव त्ये गिळतंय म्हनून."

कुणी हसलं नाही. श्रीमंत मिशा लावून तयार उभे होते आणि अंगठी फिरवत होते. गोरक्षनाथ दोन वेळा माझ्याकडे बघून गेले. गहिनीनाथांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते प्रयोगभर बोलून बघायला तयार होते हे मला दिसत होतं, आणि पहिल्या अंकाच्या मध्यावर काय झालं असतं तेही.

मग आक्काबाईंनीच आपल्या अंबाड्यातला आकडा काढून पुढे केला. प्रज्ञाने फटीचं झाकण आकड्याने वर धरलं. गहिनीनाथांनी रंगाच्या पेटीतला गाल रंगवायचा मऊ ब्रश घेतला, आणि खिळ्यांच्या पेटीतली धूळ काढायची सवय असलेला त्यांचा हात आत फिरला. एक दाणा, मग दुसरा, मग लाल झालेला तिसरा. आक्काबाई ते पदरात घेत होत्या. घातलेली फ्लॉपी खरवडली गेली होती. गहिनीनाथांनी खिशातून दुसरी काढली. प्रॉम्प्टरकडे नेहमी दोन प्रती असतात, कारण एक कुणीतरी नेहमी चहाच्या कपाखाली ठेवतं.

दुसरी घंटा. ड्राइव्ह घरघरला, घरघरतच राहिला, आणि काळ्यावर पिवळी अक्षरं आली. पहिल्या प्रवेशातला पहिला शब्द: अगं. त्यांनी ड्राइव्ह सोडवून प्रज्ञाकडे दिला आणि खिडकीमागे जाऊन बसले.

प्रयोग कसा झाला म्हणाल, तर श्रीमंत इतके शांत मी कधी पाहिले नव्हते. अंगठी फिरली की ते खिडकीकडे जात, बाहेर बघत, आणि परत वळताना वाक्य घेऊन येत. फोटोच्या प्रवेशात ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मी तिरक्या नजरेने खिडकीकडे पाहिलं. पिवळा शब्द तयार होता, पण गहिनीनाथांनी यंत्र छातीशी उलटं धरलं होतं. अंगठी स्थिर होती. शब्द द्यायची वेळ झालेली नव्हती. मध्यंतरात प्रज्ञाने यंत्राला विजेची वायर जोडली आणि बंद होऊ नये म्हणून त्याच्याजवळ पहारा देत बसली. आक्काबाईंना तिने चार हात लांब बसवलं होतं. नंतर एका प्रेक्षकाने मला सांगितलं, न्यायमूर्ती त्या खिडकीतून बघतात ना, तेव्हा त्यांचं सगळं गेलेलं आयुष्य बाहेर उभं आहे असं वाटतं. मी म्हटलं, खरं आहे.

शेवटचं वाक्य झालं, पडदा पडला. आम्ही अभिवादनाला रांगेत उभे राहत होतो तेवढ्यात तो गोड परदेशी सूर ऐकू आला. गहिनीनाथांनी यंत्र बंद करून, ड्राइव्हशिवाय पुन्हा सुरू केलं होतं. पांढरा पडदा, कारखान्याचं नाव, सगळ्या चौकटी जागच्या जागी. त्यांनी ते प्रज्ञाला दाखवलं. तिने एकेक चौकट उघडून पाहिली आणि मान हलवली. आमच्या नाटकाचा आत मागमूस नव्हता. त्यांनी रुमालाने झाकणावरचं कुंकू पुसलं आणि यंत्र तिच्या हाती दिलं.

गुरुवारी त्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते सात वर्षं जगले, पाटी घेऊन, आणि कारखान्याने तसली यंत्रं मोडीत काढली तेव्हा प्रज्ञाने साहेबांकडून एक मागून आणलं, त्यावर त्यांनी आणखी चार नाटकं सांभाळली. पण हे पुढचं. त्या रविवारी पडदा पुन्हा उघडला तेव्हा ते रिकाम्या हातांनी खिडकीमागेच उभे होते.

गोरक्षनाथांनी श्रीमंतांना दोन शब्द बोलायला सांगितलं. श्रीमंतांनी प्रेक्षकांचे आभार मानले, प्रज्ञाचे मानले, अक्षतांसकट आक्काबाईंचे मानले, लोक हसले. मग म्हणाले, "आनि एक मानूस हाय, तुमी त्येला कधी पायलं न्हाई. इतकी वर्सं मी बोललो ते त्येचं बोललो. आज त्येचं नाव मी सगळ्यांच्या देखत घेनार हाय. आमचे प्रॉम्प्टर, श्रीयुत..."

आणि थांबले.

गैनू म्हणून भागणार नव्हतं, श्रीयुत लावून बसले होते. थिएटर वाट बघत होतं. श्रीमंत पुढे शेवटपर्यंत सांगत राहिले, की ते विसरले नव्हते, गळा दाटून आला होता. असेल. पण मी शेजारी उभी होते आणि त्यांची अंगठी फिरताना मी पाहिली. त्यांनी सवयीने खिडकीकडे बघितलं. तिथे आता पिवळं अक्षर नव्हतं, आणि हे वाक्य तर फ्लॉपीवर कधी घातलेलंच नव्हतं.

मग जाळीच्या पडद्यामागून आवाज आला. खरखरीत, पण ठसक्याशिवाय, अगदी बेताचा. पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसेल. आख्खं नाव नव्हतं ते. नेहमीसारखं, पुढचं नटावर सोडलेलं.

"गहिनी..."